काशव्वाचं विरजण

मल्लिनाथ आईच्या पाया पडायला वाकला की त्याची नजर पावलांवर नसायची, घोट्यांवर असायची. सूज किती, साडीच्या काठाखाली पोटरी किती सुटली, हे बघत बघत तो वर यायचा आणि "बरी आहेस ना अव्वा" असं विचारायच्या ऐवजी विचारायचा, "आज किती?"

काशव्वाला त्या दोन शब्दांचा संताप यायचा. हल्ली फोन नुसता समोर धरला की माणसाचं वजन सांगतो, आणि तो फोन या पोरानं तिच्यासमोर कधी धरावा? बसवजयंतीला, घरात पंगत बसलेली असताना. फोननं सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचला. व्याही तोंडाला रुमाल लावून हसले. काशव्वा पोळ्या वाढत होती. मल्लिनाथच्या पानातली पुरणपोळी तिनं परत उचलली, शेजारच्याच्या पानात टाकली आणि म्हणाली, "ज्याला आईचं वजन सोसंना, त्याला तिची पोळी कशी सोसायची?"

मिरजेच्या गवळी गल्लीत काशव्वाचा शब्द चालायचा. शाळा दुसरीत सुटलेली, सही करताना जीभ बाहेर यायची, पण नवरा गेल्यावर गोठा हिनं राखला, पोरं हिनं शिकवली. पुढं नगरपालिकेनं म्हशी गावाबाहेर हलवल्या, तरी दोन म्हशी हिच्या दारात राहिल्याच; त्या हलवायला आलेला माणूस चहा पिऊन परत गेला. अंगानं ती रुंद, भरभक्कम. आणि तिचं दही! मडकं आडवं केलं तरी हलायचं नाही. गल्लीत कुणाचं विरजण संपलं, आंबलं, की वाटी घेऊन काशव्वाच्या दारात. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात सासू इथं पाठवायची. विरजणाला ती कधी नाही म्हणाली नाही. संध्याकाळी दूध कोमट झालं की चमचाभर कालच्यातलं घालायचं, सकाळी दही तयार, आणि त्यातला चमचाभर उद्यासाठी. काशव्वाच्या सासूनं तेच केलं, सासूच्या सासूनंही.

त्या वर्षांत महाराष्ट्राची दोन घरं झाली होती. एक हलक्यांचं, एक भरदारांचं. हलके म्हणायचे, लठ्ठपणा हा रोग आहे, त्याचा खर्च सगळ्यांच्या माथी बसतो, तेव्हा विमा, नोकरी, ऑपरेशन सगळं वजन बघून द्या. भरदार म्हणायचे, अंग आमचं, त्याला रोग म्हणणारे तुम्ही कोण? जाड माणूस डॉक्टरकडं कान दुखतो म्हणून गेला तरी त्याला वजनच कमी करायला सांगतात. दोघांचंही थोडं खरं होतं, आणि म्हणूनच कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. हलक्यांची पोपटी फीत, भरदारांची जांभळी. फितीवरनं लग्नं मोडत होती.

काशव्वाच्या घरात दोन्ही फिती होत्या. थोरला मल्लिनाथ हलक्यांचा तालुकाप्रमुख. धाकटी महानंदा सांगलीत कॉलेजात शिकवायची, आईच्याच अंगाची, आणि भरदारांच्या व्यासपीठावर तिच्या भाषणाला गर्दी लोटायची. वाहिनीवर भाऊबहीण एकमेकांना "आदरणीय" म्हणत एकमेकांचे लचके तोडायचे.

"अव्वा, तुझं शरीर हे एक विधान आहे," महानंदा एकदा म्हणाली.

"माझं शरीर म्हंजे गुडघेदुखी हाय," काशव्वा म्हणाली. "तुझं विधान तू उचल, आन् जाता जाता ती कळशी पण उचल."

गुडघे खरंच गेले होते. जिना चढताना ती लेकरासारखी हातांवर यायची. गुडघे बदलायचे तर वजनाची अट होती आणि काशव्वा त्या अटीच्या फार वर होती. मल्लिनाथ म्हणायचा, खाणं कमी कर. महानंदा म्हणायची, अटीविरुद्ध कोर्टात जाऊ, तू फक्त उभी राहा. "उभीच तर राहता येत न्हाई," काशव्वा म्हणायची, आणि दोघांनाही ताक द्यायची.

दिवाळी झाली आणि काशव्वाची भूक गेली.

आजारी पडून जाते तशी नव्हे. पोट साफ, डोकं शांत, पण दोन घासांत आतून कुणीतरी पुरे म्हणायचं. सकाळी न्याहारीची आठवणच यायची नाही. भाकरी थापताना पूर्वी चुलीजवळ उभ्या उभ्या एक पोटात जायची, आता ती तव्यावर करपायला लागली. साडीला निऱ्या जास्त पडायला लागल्या. तिला वाटलं, म्हातारपण आलं.

पण मग सगळ्या गल्लीलाच म्हातारपण आलं होतं. वाण्याचं पोट उतरलं. शिंपीणबाई सगळ्यांचे ब्लाउज आत घेऊन घेऊन दमली. संक्रांतीला तिळगुळाचे डबे भरलेले तसेच राहिले. शिमग्याच्या तोंडावर वाहिनीवाले आले. 'मिरजेची हलकी गल्ली' म्हणून त्यांनी रस्त्याचं चित्रण केलं, आणि मल्लिनाथ पोपटी फीत लावून कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "आमच्या सकाळच्या फेरीचा हा विजय आहे." त्या फेरीला गल्लीतलं एक कुत्रं तेवढं जायचं. पलीकडच्या वाहिनीवर महानंदा म्हणाली, "ही भीती आहे. माणसं भीतीनं वाळली आहेत." दोघांपैकी कुणीही कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावलं नाही.

काशव्वाच्या भिंतीला भिंत लावून हमीदाबीचं घर. हमीदाबीचा नवरा सतारी बनवायचा, तो गेल्यावर मुलगा बनवू लागला. दोघी बायका एका वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या होत्या. हमीदाबीची सून नसीमा पहिलटकरीण, आणि तिची पोरगी सना नुकतीच बसायला शिकत होती.

नसीमा इतकी उतरली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. गल्लीतल्या बायका तिला बघून हरखायच्या.

"अगं, पोर झाल्यावर आमचं अंग वर्षावर्षानं आवरलं न्हाई. तू काय जादू केलीस?"

नसीमा लाजून हसायची. दूध कमी झालंय, असं ती हळू आवाजात म्हणायची. त्यावर कुणीतरी म्हणायचं, होतं असं, वरचं अन्न सुरू कर. हमीदाबी सनाला बोटावर घरचं दही चाटवायचीच.

आणि सना रडायची नाही. रडून भूक मागायची नाही, छातीशी धरली की दोन घोट घ्यायची आणि तोंड फिरवायची. "किती गुणी पोर," सगळ्या म्हणायच्या. हमीदाबी रोज तिची मीठ-मिरच्यांनी नजर काढायची.

"पोरीला चव न्हाई तोंडाला," काशव्वा म्हणाली. "मऊ भात कालव, त्यात माझं दही घाल. दह्यानं भूक उघडती." तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच औषध होतं. ज्याला जेवण जात नाही त्याला दहीभात, ज्याला तोही जात नाही त्याला ताक. ती स्वतःही भाकरी सोडून आताशा ताकावरच राहायची. रोज सकाळी लंगडत जाऊन ती हमीदाच्या उंबऱ्यावर ताजं दही ठेवायची आणि सना बोटावरचं दही चाटताना बघत बसायची.

शिमगा झाला आणि सनाला खोकला झाला. साधा खोकला, पण त्या अंगाला तो पेलवेना. तिला मोठ्या दवाखान्यात ठेवलं.

त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मल्लिनाथ पेढे घेऊन आला.

"अव्वा, अटीत बसलीस! ऑपरेशन मंजूर. पुढच्या महिन्यात नवे गुडघे."

काशव्वानं पेढा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "भूकच मेली माझी. त्याचं कसलं कौतुक?"

मल्लिनाथ हसला. शाळेत पहिला नंबर आल्यावर हसायचा तसा. "मेली नाही अव्वा. मी गप्प केली."

मग त्यानं सांगितलं. माणूस जेवला की आतडं मेंदूला एक निरोप पाठवतं, पोट भरलं म्हणून. पूर्वी त्या निरोपासारखं औषध सुईनं टोचायचे, महागडं. आता एका कंपनीनं दह्याच्या जंतूलाच तो निरोप बनवायला शिकवलं होतं. 'तृप्ती' नावाची पुडी. दह्यातून पोटात गेली की जंतू आत बसून मेंदूला सांगत राहतो, पुरे, पुरे. डॉक्टर तपासून, ज्याला गरज आहे त्यालाच देतात. मल्लिनाथनं स्वतःच्या नावावर घेतली आणि दिवाळीत येता-जाता आईच्या दह्याच्या मडक्यात रिकामी केली. ती धार काढायला गोठ्यात गेलेली असताना.

"तुला सांगितलं असतं तर तू घेतलीच नसतीस."

"न्हाई घेतली असती," काशव्वा म्हणाली. "कुठल्या मडक्यात?"

"तुझ्या. ते चुलीजवळचं."

"ते विरजणाचं मडकं हाय, मल्ल्या."

त्या घरात जन्मलेला, त्या दह्यावर वाढलेला, शेजारणींना वाट्या नेऊन देणारा तो पोरगा. एवढं शिकला, आणि मडक्यातलं दही आईच खाते, असं तो धरून चालला.

"मरतो तो," तो घाईनं म्हणाला. "कंपनीनं कुलूप घातलंय त्याला. पुडीत एक खास खाद्य असतं, ते मिळालं नाही की जंतू दोन दिवसांत मरतो. म्हणूनच परवानगी मिळाली. मी तर दिवाळीनंतर घातलंच नाही काही."

"मग माझी भूक शिमग्यापर्यंत का आली न्हाई?"

काशव्वा भिंतीला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर वाण्याचं पोट आलं, शिंपीणबाई आली, नसीमाच्या बांगड्या आल्या. मग एक बारीक बोट आलं, दह्यात बुडवलेलं.

"ह्येला उतारा हाय का?"

"आहे. कंपनी देते. डॉक्टरनं मागवला तर त्याच दिवशी येतो."

"मग ऊठ. हमीदाची नात दवाखान्यात हाय. जाऊन सांग डॉक्टरीणबाईला."

"अव्वा, ऐक. दुसऱ्याला न सांगता जिवंत पुडी देणं हा गुन्हा आहे. उद्या रविवारी मला आमच्या राज्य मंडळावर घेतायत. एवढा रविवार जाऊ दे..."

"मल्ल्या."

त्या हाकेनं तो लहानपणी झाडावरनं उतरायचा. आताही उठला. "सांगतो. आत्ताच जातो. पण तू गल्लीत कारण बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

तिला जिना चढवत नव्हता, दवाखाना लांब होता आणि पोरगा तिचा होता. तिनं विश्वास ठेवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सांगितलं अव्वा. औषध चालू झालं. काळजी करू नको."

काशव्वानं मडकं अंगणात पालथं घातलं आणि वर चुना टाकला. मग काठी टेकत घरोघर गेली. "माझं विरजण बिघडलंय, त्याचं लावलेलं सगळं दही टाका."

"असलं गोड दही कुठं बिघडलंय, अव्वा?" बायका हसल्या. कारण सांगता येत नव्हतं. दोघीतिघींनी टाकलं. बाकीच्यांनी हो म्हणून झाकण लावलं.

रविवारी मल्लिनाथला हार पडले. सोमवारी सना गेली.

काशव्वाला रिक्षात दोघांनी धरून बसवलं. दवाखान्यात ती चाकाच्या खुर्चीवरनं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. तेंडोलकरबाई तरुण होत्या, डोळे सुजलेले होते.

"उतारा दिला हुता न्हवं?" काशव्वानं विचारलं. "मग कशी गेली?"

"कसला उतारा?"

काशव्वानं पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यांच्याकडं कुणीही आलं नव्हतं, कुणाचा फोन नव्हता. पोर दूध का ओढत नाही याचं कारण त्या तीन दिवस शोधत होत्या. मग काशव्वानं सगळं सांगितलं, स्वतःच्या पोराच्या नावासकट.

बाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "अव्वा, तुम्ही गोठ्यात कुठली पारडी ठेवता?"

"चांगल्या म्हशीची."

"आणि अशी पिढ्यान् पिढ्या निवड केली की?"

"गोठा त्या वाणाचा हुतो."

"तुमच्या मडक्यात तेच झालं. एका चमच्यात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतले बहुतेक कंपनीच्या कुलपापायी मेले. पण एखाद्याची घडण चुकून बदलली, त्याला ते खास खाद्य लागेना. तो तेवढा जगला. तुम्ही सकाळी त्याच दह्यातला चमचा पुढं लावलात, म्हणजे जगलेल्यांचीच बी धरलीत. रोज. गल्लीभर. कंपनीनं पुडी खाणाऱ्या माणसाचा विचार केला होता. विरजण लावणाऱ्याचा कुणी केला नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच दाटी असते, तिथं तो नीट टिकत नाही. दही बंद केलं की जातो. तान्ह्या पोराचं आतडं रिकामं असतं. तिथं त्यानं घर केलं. तिला भूक लागतच नव्हती, अव्वा. शनिवारी कळलं असतं तरी हातात काहीतरी होतं."

बाहेर बाकावर हमीदाबी बसली होती. काशव्वानं तिलाही सगळं सांगितलं, एका दमात, मान खाली न घालता. हमीदाबीनं तिच्याकडं बघितलं नाही.

"ती रडत नव्हती ना, काशाक्का," ती म्हणाली. "मला वाटायचं, किती चांगली आहे. मी नजर काढत होते गं तिची."

पुढचं सगळ्या राज्यानं बघितलं. भरदारांनी सनाचा फोटो जांभळ्या चौकटीत घालून मोर्चा काढला, 'हलक्यांनी मारली' म्हणून. हलक्यांनी आकडे मांडले, गल्लीतल्या इतक्या जणांचा रक्तदाब उतरला, साखर उतरली, एका दुर्दैवी घटनेवरनं विज्ञानाला नावं ठेवू नका. दोन्ही मोर्चे हमीदाबीच्या दारावरनं गेले आणि दोन्हींनी घोषणा दिल्या. महानंदा आईला व्यासपीठावर न्यायला आली.

"अव्वा, तू बोललीस तर सगळं उलटेल."

"ते लेकरू गेलं तेव्हा तुझी फीत कुठं हुती?"

"मला काय माहीत होतं?"

"व्हय. तुला म्हाईत न्हवतं. चार महिने गल्ली वाळत हुती आन् तू वाहिनीवर कारण सांगत हुतीस, येऊन विचारलं न्हाईस. जा, बस तुझ्या खुर्चीत." महानंदा मात्र गेली नाही. तिनं फीत काढली, पदर खोचला आणि पालथं मडकं घासायला घेतलं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. अंधार पडायच्या वेळेला बायका यायच्या, परगावच्याही. पदराखाली वाटी. "अव्वा, ते जुनं विरजण थोडं उरलंय का? कुणाला सांगत न्हाई." एकीच्या दंडावर पोपटी फीत होती, एकीच्या जांभळी. काशव्वानं दोघींना सारख्याच शिव्या दिल्या. पण ज्यांनी झाकण लावून ठेवलं होतं त्यांच्याकडनं ते गेलंच होतं, कवठेमहांकाळला गेलं, जतला गेलं, लग्नाच्या रुखवतातनं कर्नाटकात गेलं. सरकारनं दही तपासायला माणसं पाठवली. माणसं ताक पिऊन परत आली.

आणि मग एका सकाळी मल्लिनाथ आला. फीत नव्हती. पोलिसांनी एकदा बोलावून सोडलं होतं. वकिलानं सांगितलं होतं, जंतू मडक्यात बदलला, तो तुम्ही बनवलेला नाही, केस टिकत नाही. तो उंबऱ्याच्या आत आला आणि वाकायला लागला. काशव्वानं काठी मध्ये धरली.

"झालं ते फार वाईट झालं, अव्वा," तो म्हणाला. "मी तिकडं गेलो होतो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. पाय उचलेना. वाटलं, खोकलाच आहे, बरी होईल. सोमवारी सांगू. मी तुझ्यासाठी केलं होतं सगळं. तुला लंगडताना बघवत नव्हतं." त्यानं डोळे पुसले. "गुरुवारी ऑपरेशन आहे तुझं. गाडी घेऊन येतो. निदान तेवढं तरी होऊ दे."

गल्लीत माणसं थांबली होती. हमीदाबीच्या खिडकीचं दार अर्धं उघडं होतं. काशव्वानं आवाज खाली आणला नाही.

"पुडी घातलीस, ते मी तुला माफ केलं," ती म्हणाली. "आई हाय, फसवून घेतली. वंगाळ केलंस, पर मायेनं केलंस, समजले. विरजण गल्लीत जातं हे तुला सुचलं न्हाई, तेबी माफ. शिकल्याल्या माणसाला घरातलं दिसत न्हाई. पर मी तुला शनिवारी सांगितलं, उतारा हाय, लेकरू जितं हाय, जा. तू फाटकापातूर गेलास आन् हार घालून घ्यायला माघारी फिरलास. आन् मला फोन केलास, औषध चालू झालं. त्या फोनला माफी न्हाई, मल्लिनाथ. ती मी दिऊ शकत न्हाई, ती माझी न्हाई दियाला. पलीकडं जा. हमीदाच्या दारात बस आन् जे मला सांगितलंस ते तिला सांग, फाटकापातूर गेलो हुतो म्हणून. तिनं थुंकलं तर पुसू नकोस. कोर्टात ह्यो वकील सोड आन् खरं बोल. ऑपरेशन मी करून घेनार न्हाई. त्या लेकराच्या भुकेवर मिळाल्यालं गुडघं मला नकोत. मी अशीच बसून मरीन. आन् मेले म्हंजे माझ्या मातीला तू यायचं न्हाईस. आलास, तर हात धरून भायेर काढ म्हणून तुझ्या भणीला सांगून ठिवलंय."